दावा मेला की मगच अपील

पुण्यात शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयाच्या कॅन्टीनमध्ये दुपारी दोन ते अडीच बसायला जागा मिळत नाही. उभ्यानेच चहा घ्यायचा आणि उभ्यानेच पक्षकाराला हुकूम समजावून सांगायचा. त्या दिवशी माझ्यासमोर भोसरीचे एक वर्कशॉपवाले उभे होते. पिशवीत फाइल, फाइलीत हुकुमाची नक्कल: दावा चालवायचा तर प्रतिवादीच्या खर्चापोटी आधी तारण भरा. मी सांगितलेलं त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, कप कठड्यावर ठेवला आणि म्हणाले, "साहेब, पैसे माझे अडकलेत. आणि तारण मीच द्यायचं?"

या प्रश्नाला कायद्यात उत्तर आहे आणि ते उत्तर मी त्यांना दिलंही. त्यांचा दुसरा प्रश्न मात्र मला अजून टोचतो. "बरं, मग याच्यावर अपील करू." मी म्हटलं, अपील नाही. "म्हणजे वरचं कोर्टच नाही?" वरचं कोर्ट आहे, पण तिथं जायचं तर आधी तुमचा दावा मरावा लागेल.

एका पक्षकाराची ओळख चव्हाट्यावर यायला नको म्हणून इथलं वर्णन मी दोन-तीन फायलींमधून एकत्र केलंय आणि आकडे बदललेत. घटनाक्रम मात्र वाणिज्य न्यायालयात, म्हणजे व्यापारी वादांच्या न्यायालयात, काम करणाऱ्या कुणालाही ओळखीचा वाटेल. हे गृहस्थ जिग आणि फिक्स्चर, म्हणजे यंत्रावर काम करताना भाग पकडून ठेवणारी साधनं, बनवतात. धातू कापायची तीन व्हीएमसी मशीन, अकरा कामगार, कागदावर प्रायव्हेट लिमिटेड कंपनी, प्रत्यक्षात ते, त्यांची बायको आणि भाचा. एका मोठ्या कंपनीला माल दिला, एकाहत्तर लाखांची बिलं थकली. कंपनीने आठ महिन्यांनी रिजेक्शनचं कारण काढलं आणि डेबिट नोटा, म्हणजे बिलातून रक्कम कापल्याच्या चिठ्ठ्या, पाठवल्या. सूक्ष्म-लघु उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्याखाली थकबाकीसाठी सुविधा परिषदेकडे जाता आलं असतं, पण लघुउद्योग म्हणून उद्यम नोंदणी झाली ती माल गेल्यानंतर. नोंदणीच्या आधी दिलेल्या मालाला त्या कायद्याचं संरक्षण नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने सिल्पी इंडस्ट्रीजच्या निकालात २०२१ मध्ये सांगितलंय. त्यामुळे वाणिज्य दावा. आधी वाणिज्य न्यायालय कायद्याच्या कलम १२-अ ची, दाव्यापूर्वीची मध्यस्थी, कारण पाटील ऑटोमेशनच्या २०२२ च्या निकालापासून ती पायरी टाळता येत नाही. समोरची कंपनी मध्यस्थीला फिरकलीच नाही. मग कोर्ट फी भरून दावा दाखल.

प्रतिवादीच्या वकिलांनी कैफियतीबरोबर, म्हणजे लेखी उत्तराबरोबर, एक अर्ज दिला. वादी कंपनीचा ताळेबंद दोन वर्षं तोट्यात आहे, बँकेचं कर्ज थकलेलं आहे, उद्या हा दावा फेटाळला गेला तर आमचा खर्च कुणाकडून वसूल करायचा? तेव्हा खर्चापोटी तारण घ्या. अर्जाला निशाणी क्रमांक, म्हणजे फाइलीतला नोंद क्रमांक, पडला, युक्तिवाद झाला आणि हुकूम आला: सहा आठवड्यांत आठ लाख रुपये रोख किंवा बँक गॅरंटी.

तो तोटा कशामुळे झाला होता? त्याच एकाहत्तर लाखांमुळे. ज्याने पैसे बुडवले, तोच कोर्टात येऊन सांगत होता की हा माणूस बुडालेला आहे, याच्यापासून मला वाचवा.

आता कायद्याचं बघू. दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश २५, आमच्या बोलीत ऑर्डर पंचवीस. नियम १ म्हणतो की दाव्याच्या कोणत्याही टप्प्यावर, कारणं नमूद करून, न्यायालय वादीला प्रतिवादीच्या झालेल्या आणि होऊ शकणाऱ्या खर्चापोटी तारण द्यायला सांगू शकतं. वादी भारताबाहेर राहणारा असेल आणि दाव्यातली मिळकत सोडून इथं त्याची पुरेशी स्थावर मालमत्ता नसेल, तर न्यायालयाने असा हुकूम करायलाच हवा. म्हणजे मूळ रोख परदेशी वादीवर. तो हरला आणि विमानात बसला तर त्याच्यामागे कोण जाणार, हा साधा व्यवहार त्यामागे आहे. त्यात काही चूक नाही. इथं राहणाऱ्या वादीच्या बाबतीत मात्र न्यायालयाचा विवेक. वर्षानुवर्षं तो फार जपून वापरला जायचा, कारण गरीब आहे एवढ्यावर कुणाचा दावा अडवायचा नाही, हे सगळ्यांना मान्य होतं.

ही तरतूद जवळजवळ झोपलेलीच होती म्हणा ना. कारण उघड होतं. आपल्याकडे हरणाऱ्याने द्यायचा खर्च नावापुरता असायचा, मग त्याच्या तारणासाठी कोण भांडणार? दिल्लीच्या एका प्रकरणात उच्च न्यायालयाने प्रत्यक्ष झालेला पंचेचाळीस लाख अठ्ठावीस हजारांचा खर्च द्यायला लावला, तर त्याच, संजीवकुमार जैन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो हुकूम टिकू दिला नाही. नियमांत बसेल तेवढाच खर्च, त्यापलीकडे नाही. मात्र हे नियम बदलायला हवेत, असंही त्याच निकालात म्हटलं होतं. पुढे २०१५ चा वाणिज्य न्यायालय कायदा आला आणि त्याने व्यापारी वादांपुरतं संहितेचं कलम ३५ च बदलून टाकलं. हरणाऱ्याने जिंकणाऱ्याचा खर्च द्यायचा, हा आता सर्वसाधारण नियम. खर्च म्हणजे वाजवी वकील फी, साक्षीदारांचा खर्च, कामकाजाचा इतर खर्च. खोट्या दाव्याच्या भरपाईखर्चावर कलम ३५-अ मध्ये तीन हजारांची मर्यादा होती, व्यापारी वादांत तीही गेली. २०१८ च्या दुरुस्तीने या न्यायालयाचं दार एक कोटीवरून तीन लाखांच्या वादापर्यंत खाली आणलं. भोसरीचा व्हेंडर तिथं आला तो या दुरुस्तीमुळे.

या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या तशी ऑर्डर पंचवीस जागी झाली. खर्च खरा झाला, म्हणून तारणही खरं झालं. तो खर्च मागणारे मोठे आणि ज्यांच्याकडे मागायचा ते लहान. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर बंदरं, जहाजं आणि शंभर कोटींचे करार असावेत. व्हीएमसी मशीनवाला नसावा.

आता अपिलाकडे येतो, कारण माझं भांडण तिथं आहे.

वाणिज्य न्यायालयाच्या कोणत्या हुकमावर अपील होतं? २०१५ च्या कायद्याचं कलम १३ सांगतं: निकालावर होतं, आणि दिवाणी संहितेच्या आदेश ४३ मध्ये ज्या हुकमांची यादी आहे त्यांवर होतं. लवादाच्या कायद्याचं कलम ३७ आहे, ते आपण बाजूला ठेवू. यादीत नाव नसेल तर अपील नाही, आणि लेटर्स पेटंटचा, म्हणजे उच्च न्यायालयाच्या सनदेखालच्या अपिलाचा, जुना रस्ताही त्याच कलमाने बंद केला. कलम ८ आणखी पुढे जातं. अंतरिम हुकमावर पुनरीक्षण अर्ज नाही, याचिका नाही, जे काही म्हणायचं ते शेवटच्या निकालावरच्या अपिलात म्हणा.

मग आदेश ४३ ची यादी उघडून बघा. ती वाचायला कंटाळवाणी आहे, पण या लेखापुरती तीन नोंदी पाहण्यासारख्या आहेत. मी निर्धन आहे, मला कोर्ट फीशिवाय दावा चालवू द्या, हा अर्ज फेटाळला तर अपील आहे. आणि निर्धन म्हणजे केवळ माणूस नव्हे, कंपनीसुद्धा, हे खादर इंटरनॅशनलच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्येच मान्य केलंय. प्रतिवादीने मागितलेली हमी दिली नाही म्हणून निकालाआधीच त्याची मालमत्ता जप्त झाली, तर तोही अपील करू शकतो. पण वादीला खर्चापोटी तारण भरायला सांगितलं, तर यादी गप्प. आदेश २५ चा उल्लेख यादीत एकदाच येतो आणि तोही नियम २ चा.

हा नियम २ काय आहे, ते नीट बघायला हवं. ठरल्या मुदतीत तारण आलं नाही तर न्यायालयाने दावा फेटाळायचा, वादीला दावा काढून घ्यायची परवानगी दिली नसेल तर. इथं 'शकतं' नाही, 'फेटाळायचा' आहे. मग वादीने अर्ज करायचा की मला पुरेशा कारणामुळे मुदतीत तारण देता आलं नाही, तेव्हा फेटाळल्याचा हुकूम रद्द करा. हा अर्जही नामंजूर झाला, तर त्या नामंजुरीवर अपील. आदेश ४३ मध्ये नाव आहे ते या शेवटच्या पायरीचं. आणि समजा न्यायालयाने अर्ज मंजूर केला, तर दावा परत उभा करताना 'तारणाबाबत योग्य वाटतील त्या अटी' घालायचा अधिकार त्याच नियमात लिहून ठेवलाय. म्हणजे फिरून पुन्हा त्याच उंबऱ्यावर.

आमच्या भोसरीकरांच्या जागी उभं राहून बघा. आठ लाखांचा आकडा चुकीचा आहे, हे त्यांना सांगायचंय. ते सांगायचं तर आधी आठ लाख न भरता दावा फेटाळला जाऊ द्यायचा. मग तो परत उभा करायचा अर्ज करायचा, त्यात हरायचं आणि मग मुंबईला जायचं. तिथंही चर्चा होणार ती 'मुदतीत का दिलं नाही' याची. 'मुळात मागायला हवं होतं का' हा प्रश्न मागच्या बाकावर. एवढा धोका कुठला शहाणा धंदेवाला पत्करेल? जे भरू शकतात ते निमूट भरतात. जे भरू शकत नाहीत ते तडजोड करतात. म्हणून या विषयावर वरच्या न्यायालयांचं मार्गदर्शन तुटपुंजं आहे. आणि मार्गदर्शन तुटपुंजं म्हणून खाली प्रत्येक न्यायाधीशाचा आकडा वेगळा.

माझे एक ज्येष्ठ सहकारी यावर म्हणतात, अरे, दोनशे सत्तावीस आहे ना! आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद २२७ खाली उच्च न्यायालयाची देखरेख कलम ८ मुळे संपत नाही. संसदेच्या साध्या कायद्याने ती काढून घेता येत नाही, हे एल. चंद्रकुमार प्रकरणापासून, म्हणजे १९९७ पासून, पक्कं आहे. आम्ही अशा याचिका करतोही. पण देखरेख म्हणजे अपील नव्हे. खालच्या न्यायालयाने अधिकाराबाहेर जाऊन काही केलं, किंवा कुणालाही पटणार नाही असं काही केलं, तर उच्च न्यायालय हात घालतं. आठाऐवजी तीन लाख पुरेसे होते, एवढ्यावर घालत नाही, आणि घालूही नये. वाणिज्य न्यायालयाचा हुकूम म्हटलं की हात आणखी आखडता.

शिवाय हा रस्ता मुंबईचा. सकाळी सव्वासातची डेक्कन क्वीन, साडेदहाच्या आसपास सीएसएमटी, तिथून फोर्टातलं उच्च न्यायालय, आणि बोर्डावर आपला नंबर सत्तरच्या पुढे. संध्याकाळी परतीच्या गाडीत पक्षकार विचारतो, "आज काय झालं?" काहीच झालं नाही, पुढची तारीख. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालं. सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग हे जिल्हे तिकडे जोडले गेले. पुणं मुंबईकडेच राहिलं. (पुण्याला बेंच हवं की नको, हा स्वतंत्र वादाचा विषय आहे आणि त्यावर बार रूममध्ये मित्र गमावता येतात, म्हणून इथं थांबतो.) सांगायचं इतकंच की आठ लाखांच्या हुकमाविरुद्ध दाद मागायला लाख-दीड लाख खर्च होणार असेल, तर ती दाद पक्षकाराच्या खिशाबाहेरची झाली.

आता दुसरी बाजू, आणि ती मी मनापासून मांडतोय, कारण असे अर्ज मी स्वतःही दिलेत. चाकणच्या एका छोट्या कारखान्यावर परदेशी यंत्रविक्रेत्याने दावा लावला होता आणि मी कारखान्याकडून होतो. विक्रेता जर्मनीत, इथं त्याचं टेबलसुद्धा नाही. परदेशी निकालाच्या थेट अंमलबजावणीसाठी आपल्या दिवाणी संहितेच्या कलम ४४-अ ची जी परस्पर व्यवस्था आहे, त्यात जर्मनी नाही. उद्या दावा फेटाळला आणि आमच्या बाजूने खर्चाचा हुकूम झाला, तर तो घेऊन आम्ही कुठे जायचं होतं? तिथं तारण मागणं हा कारखानदाराचा हक्कच होता आणि न्यायालयाने तो दिला. याला दडपशाही म्हणता येणार नाही. तसंच दुसऱ्याच्या पैशावर चालणारे दावे. निकालातला हिस्सा मिळेल म्हणून कुणीतरी मागून पैसा लावतो, हरलो तर मात्र तो नामानिराळा. मुंबई उच्च न्यायालयाने आदेश २५ मध्ये केलेली दुरुस्ती इथं कामी येते. दाव्यातला हिस्सा घेऊन पैसे पुरवणाऱ्याला त्याच्या संमतीने वादी करून घेता येतं आणि तारण त्याच्याकडून मागता येतं. ज्याला नफा हवाय त्याने जोखीमही घ्यावी, हे अगदी रास्त.

आणि कागदी कंपन्यांचं काय? चार मजले बांधून, पैसे काढून घेऊन, रिकामं खोकं पुढे करून दावे लावणारे पुण्यात कमी नाहीत. कंपनीत दमडी नाही, संचालकाच्या घरासमोर तीन गाड्या. अशा वादीला 'गरीब बिचारा' म्हणून सोडून देणं म्हणजे प्रतिवादीला फुकट फासावर चढवणं.

म्हणून तारणाचा अधिकार काढून टाका, असं मी म्हणणार नाही. तो हवा. माझी मागणी एवढीच की तो चुकला तर दुरुस्त व्हायला एक अरुंद, झटपट वाट हवी. सगळ्या हुकमांवर अपील नको. एकाच प्रकारच्या हुकमावर हवं: ज्यात भारतातल्या वादीला तारण भरायला सांगितलंय आणि तो म्हणतोय की हे भरायला लागलं तर माझा दावाच संपतो.

उलट बाजूने, तारण नाकारलं तर प्रतिवादीला अपील द्यायचं का? मला वाटतं, नाही. ही विषमता काही जणांना खटकेल. पण दोघांचं काय जातं, ते बघा. तारण नाकारलं गेलं तर प्रतिवादीचा खर्च कदाचित बुडेल, आणि तोही तो जिंकला तर. तारण चुकीचं मागितलं गेलं तर वादीचा दावा आजच बुडतो, त्याची बाजू खरी की खोटी हे कुणी तपासण्याआधी. दोन नुकसानांचं वजन सारखं नसेल तर दोघांना सारखंच दार कशाला?

उशीर होईल, हा आक्षेप सगळ्यात जुना आणि सगळ्यात खरा. अंतरिम हुकमांवरच्या अपिलांनी दिवाणी दावे कसे पिढ्यान्‌पिढ्या कुजले, हे आम्हाला कुणी सांगायला नको. २०१५ चा कायदा आला तोच त्या कुजण्याला कंटाळून. पण हे गणित इथं उलटं आहे. मनाई हुकमावरच्या अपिलात ज्याला उशिराचा फायदा, तोच बहुधा अपील करतो. तारणाच्या हुकमावर अपील करणारा म्हणजे वादी. ज्याचे पैसे अडकलेत तो. त्याला उशिराचा कसला फायदा? आणि दावा थांबवायची गरजही नाही. मुद्दे निश्चित होऊ द्या, कागदपत्रांची देवघेव होऊ द्या. फक्त नियम २ ची कुऱ्हाड अपिलाचा निर्णय होईपर्यंत वर धरून ठेवा, एवढंच.

अपिलात नक्की तपासायचं काय, हे ठरवायला दोन निकाल उपयोगी आहेत, एक इथला आणि एक बाहेरचा.

इथला म्हणजे विनोद सेठ विरुद्ध देविंदर बजाज, सन २०१०. दिल्लीत घरबांधणीच्या तोंडी कराराचा दावा होता. एकसदस्यीय न्यायपीठाला दाव्यात दम वाटला नाही, म्हणून वादीला सांगितलं की हरलास तर प्रतिवादींना पंचवीस लाख भरपाई देईन, असं हमीपत्र दे. खंडपीठानेही ते उचलून धरलं. सर्वोच्च न्यायालयाने रद्द केलं. संहितेत खर्चाच्या तारणाची तरतूद आहे, पण न झालेल्या नुकसानाच्या भरपाईची हमी वादीकडून आगाऊ घ्यायची तरतूद नाही आणि न्यायालयाने ती नव्याने घडवायची नाही. हेतू चांगला होता, खोट्या दाव्यांना चाप लावायचा होता, तरी चूक. मला या प्रकरणातून दिसतं ते असं: अनुभवी न्यायाधीशांचा हातही या बाबतीत घसरतो. वर जायची वाट होती, म्हणून ती चूक सापडली. तोच हुकूम आज आमच्या वाणिज्य न्यायालयात झाला असता, तर अपिलाच्या यादीत त्याला जागा नव्हती.

बाहेरचा निकाल ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाचा, २०१७ चा, गोल्डट्रेल विरुद्ध ओनुर एअर. तिथं वादीच्या नव्हे, अपील करणाऱ्याच्या गळ्यात अट होती. एका तुर्की विमान कंपनीला सांगितलं होतं की अपील चालवायचं तर छत्तीस लाख चाळीस हजार पौंड आधी कोर्टात भर. कंपनी म्हणाली, आमच्याकडे नाहीत. समोरचे म्हणाले, मालकाकडे आहेत. पाचांपैकी तीन न्यायाधीशांनी जी कसोटी ठरवली ती मला फार व्यवहारी वाटते. मालक श्रीमंत आहे का, हा प्रश्न नाही. मालकाकडून किंवा जवळच्या कुणाकडून कंपनीला हे पैसे खरोखर मिळतील का, हा प्रश्न आहे. मिळणार नाहीत हे दाखवायची जबाबदारी कंपनीची. आणि मालक नुसतं 'मी देणार नाही' म्हणाला, म्हणून न्यायालयाने त्यावर डोळे झाकून विश्वास ठेवायचा नाही.

ही कसोटी भोसरीला लावून बघा. संचालक दोन, नवरा-बायको. भोसरीचा गाळा बँकेकडे गहाण. चिंचवडचा फ्लॅट त्याच कर्जाला जादा तारण म्हणून. बायकोचे दागिने एका पतसंस्थेत. मागच्या तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं, बँकेची पासबुकं, गहाणखतं, हे सगळं अपिलाच्या मेमोसोबत जोडायला लावा. जो दडवतो त्याचं अपील त्याच दिवशी फेटाळा, वर खर्च लावा. तीन गाड्यावाला संचालक या चाळणीतून आपोआप खाली पडेल. भोसरीवाला वर राहील. दोघांना एकाच हुकमाने झोपवायचं नसेल तर चाळणी कुठेतरी लागणारच. आज ती कुठेच नाही.

करायचं तर फार मोठं काही लागत नाही. आदेश ४३ च्या यादीत, व्यापारी वादांपुरती, आदेश २५ नियम १ ची एक नोंद. त्याच्याच बाजूला आदेश १३-अ नियम ७ चीही, कारण झटपट निकालाच्या अर्जावर सशर्त हुकूम करताना खर्चाचं तारण मागायचा अधिकार तिथंही आहे आणि तो चोरदरवाजा उघडा राहायला नको. अपिलाची मुदत कलम १३ मध्ये साठ दिवसांची आहे, ती इथं पंधरा करा. सुनावणी कागदांवर, गरज पडली तर व्हिडिओवर दोन्ही बाजूंना वीस-वीस मिनिटं. आणि निर्णय तीस दिवसांत. कलम १४ मध्ये अपिलांसाठी सहा महिन्यांची अपेक्षा लिहिलेली आहे, ती या कामाला फार ढिली आहे.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोवर खालच्या न्यायालयाला आजच करता येण्यासारखं बरंच आहे, आणि त्याला कुणाची परवानगी लागत नाही. नियम १ मध्ये 'कारणं नमूद करून' हे शब्द आहेत. आमच्या हुकमात आठ लाख हा आकडा कुठून आला, याची एक ओळ नव्हती. प्रतिवादीने खर्चाचा तक्ता दिला नव्हता, कुणी मागितलाही नव्हता. वकील फी किती, साक्षीदार किती, तज्ज्ञाचा अहवाल लागणार का, काहीच नाही. तक्ता मागा. मग तारण टप्प्याटप्प्याने घ्या: मुद्दे निघेपर्यंतचं आता, पुराव्याचं पुराव्याच्या वेळी. कितीतरी दावे पुराव्यापर्यंत जातच नाहीत, हे प्रत्येक वकील जाणतो. रोख किंवा बँक गॅरंटी एवढ्यावरच अडून बसू नका, जामीनदाराचं बंधपत्र चालवून घ्या. आणि सगळ्यात महत्त्वाचं, वादीची खस्ता हालत प्रतिवादीने पैसे न दिल्यामुळेच झाली, असं कागदांवरून प्रथमदर्शनी दिसत असेल, तर ते त्याच्या विरुद्ध नव्हे, त्याच्या बाजूने धरा.

बँक गॅरंटीचं सांगायचं राहिलं. हुकूम झाल्याच्या दुसऱ्या आठवड्यात भोसरीकर त्यांच्या बँकेत गेले. मॅनेजर ओळखीचे, चहा वगैरे झाला. आठ लाखांच्या गॅरंटीला शंभर टक्के मार्जिन लागेल, म्हणजे आठ लाखांची मुदत ठेव आधी इथं ठेवा, खातं थकीत असल्यामुळे दुसरा इलाज नाही, असं त्यांना सांगण्यात आलं. तारणासाठी तारण. मी दिवाणी संहितेच्या कलम १४८ खाली मुदतवाढीचा अर्ज दिला, तीस दिवस मिळाले. दोनशे सत्तावीसची याचिका तयार करून ठेवली, मुंबईच्या वकिलांशी बोलणं झालं, फीचा आकडा मी त्यांना फोनवर सांगितला. पलीकडे बराच वेळ कुणी काही बोललं नाही.

मुदत संपायला नऊ दिवस होते तेव्हा समोरच्या वकिलांनी मला कॉरिडॉरमध्ये गाठलं. सभ्य माणूस, आमचे संबंध चांगले. "तुमचे पक्षकार सव्वीसला तयार होतील का?" एकाहत्तरातले सव्वीस. मी म्हटलं, विचारून सांगतो. विचारलं. ते म्हणाले, "साहेब, दाव्यात आपली बाजू कशी आहे?" मी खरं ते सांगितलं, बाजू चांगली आहे. "मग किती वर्षं?" तेही सांगितलं. "आणि नऊ दिवसांत आठ लाख." त्यावर मला सांगायला काही उरलं नव्हतं.

राष्ट्रीय लोकअदालतीला तडजोड पुरशिस, म्हणजे तडजोडीचं लेखी निवेदन, दाखल झाली. पुढच्या तारखांचे तीन चेक, बाकी सगळ्या मागण्या सोडल्याचं एक कलम, दोन्ही बाजूंच्या सह्या. पॅनेलवरच्या मॅडमनी दोघांचं अभिनंदन केलं. कोर्ट फी परत मिळते हे कळल्यावर भोसरीकरांच्या चेहऱ्यावर त्या दिवसातलं पहिलं हसू आलं. किती दिवसांत मिळते, हे त्यांनी मला गेटपर्यंत तीनदा विचारलं. तारणाच्या हुकमाची ती निशाणी अजून फाइलीतच आहे, बरोबर की चूक हे कुणीही न तपासलेली. त्या दिवसाच्या आकडेवारीत हा दावा तडजोडीने निकाली निघालेल्या प्रकरणांत मोजला गेला.